वर्गणीची वही आणि आमची मंडळी

आमच्या चर्चमध्ये पंचकमिटीचं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीचं, इलेक्शन जवळ आलं की पहिलं भांडण उमेदवारांवरून होत नाही, यादीवरून होतं. मतदार कोण आणि कोण नाही. आमच्याकडचा नियम तसा सरळ आहे, बाप्तिस्मा झालेला पाहिजे, दृढीकरण (म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करणं) होऊन प्रभुभोजन (भक्तीतली भाकर आणि प्याला) घेणारा पाहिजे, 18 पूर्ण पाहिजे आणि वर्गणी भरलेली पाहिजे. सगळी मारामारी त्या शेवटच्या अटीत आहे. कारण आमचे लोक वर्गणी भरतात दोनच वेळा, घरात लग्न निघालं की नाहीतर इलेक्शन लागलं की. आणि इलेक्शनला तर काय होतं, एखादा भाऊ येतो आणि वीस घरांची थकबाकी एकगठ्ठा भरून पावत्या घेऊन जातो, मग ती वीस घरं मत कुणाला देणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर गेल्या वेळी दोन्ही गटांना चालेल असं यादी करणारं माणूस सापडेना म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही पुण्याहून गावी शिफ्ट झालो होतो, त्यामुळे मी कुठल्याच गटात धरली जात नव्हते, हा माझा एक गुण. दुसरा गुण खजिनदार काकांनी तोंडावर सांगितला, "तू बाईमाणूस आहेस, तुला स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं. आम्हाला लोक व्हरांड्यातूनच कटवतात." मी म्हटलं काका मला हिशोबातलं काही कळत नाही, तर म्हणाले हिशोब मी बघतो, तू फक्त ऐकून घे. तेव्हा मला वाटलं ते असंच म्हणतायत. नंतर कळलं की काम तेवढंच होतं.

गाव नगर जिल्ह्यातलं आहे, तालुक्याचं. आता 2024 पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय. नगरला अमेरिकन मिशनरी आले ते 1831 साली, 1842 ला तिथून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं, आणि मग हळूहळू आजूबाजूच्या गावांतून शाळा, देवळं (आमच्या आजी चर्चला देऊळच म्हणायच्या) आणि मंडळ्या (म्हणजे एकेका चर्चची माणसं) उभ्या राहिल्या. आमची त्यातलीच एक. दगडी भिंती, वर पत्रे, कंपाउंडमध्ये चिंच आणि कडुनिंब, मागे पाळकांचा बंगला, त्याला बंगला म्हणायचं ते फक्त सवयीनं. 1970 ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आमची माणसं पण त्यात गेली. एकीकरणाचा तो दिवस आमच्याकडे अजून पाळतात, एकीवर उपदेश होतो, आणि बहुतेक त्याच रविवारी बाहेर पार्किंगमध्ये दोन जण एकमेकांची कॉलर धरतात. असो.

पुण्याचं सांगते, कारण तुलना डोक्यात सारखी चालू होती. तिथं आम्ही एका फेलोशिपला जायचो. भाड्याचा हॉल, एसी, गादीच्या खुर्च्या, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, कीबोर्ड, ड्रम, गिटार, भक्ती संपली की कॉफी. भांडण नावाला नाही. वाईट म्हणत नाही मी त्याला, तिथं मी प्रार्थना करायला शिकले म्हटलं तरी चालेल, पण इतकी वर्षं जाऊन कुणाच्या घरात भांडी कुठं ठेवतात हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचे वडील वारले ते मला त्यांच्या स्टेटसवरून कळलं. मला तिथं कधी कुणाचा राग आला नाही, कारण राग यायला माणूस थोडा तरी माहीत लागतो.

इथं आल्यावर पहिल्या रविवारीच राग आला. मी ज्या बाकावर बसले तो बाक म्हणे अमुक घराण्याचा. एका मावशींनी काही न बोलता माझ्या शेजारी पर्स ठेवली, मग शाल ठेवली, मग स्वतः अशा बसल्या की मला सरकावंच लागलं. भक्ती संपल्यावर त्याच मावशी दारात हात धरून म्हणाल्या, जय ख्रिस्त, कुणाची गं तू सून, जेवायला चल. मी गेले पण. वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी होती आणि बाकाचा विषय त्यांनी काढला नाही.

तर वही. काकांनी मला दोन गोष्टी दिल्या, एक वर्गणीची वही आणि एक कपाटाची किल्ली. कपाटात जुनी रजिस्टरं. बाप्तिस्म्याचं वेगळं, लग्नाचं वेगळं, मयतीचं वेगळं. लग्नाचं रजिस्टर 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवावं लागतं त्यामुळे ते त्यातल्या त्यात धड असतं, सह्या, साक्षीदार, तारखा सगळं जागच्या जागी. बाप्तिस्म्याचं मात्र वाळवीनं कडेकडेनं खाल्लेलं. मी ते नुसतं नाव ताडायला उघडलं आणि संध्याकाळ तिथंच गेली. 1900 च्या दुष्काळातली पानंच्या पानं आहेत. नाव, वय अंदाजे, गाव, आणि बापाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. एकाखाली एक रेघा. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली पोरं ती. मग तीच नावं पुढं लग्नाच्या रजिस्टरमध्ये सापडतात, मग त्यांच्या पोरांच्या बाप्तिस्म्यात बापाच्या रकान्यात येतात. आज जो गट म्हणतो की चर्च आमच्या आजोबांनी बांधलं आणि जो गट म्हणतो तुमचे आजोबा फक्त विटा वाहत होते, त्या दोघांचेही आजोबा एकाच पानावर आहेत, दोघांच्याही पुढे रेघ. मी फोटो काढून काकांना पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, "ग्रुपवर टाकू नको."

घरोघरी जायचं ते मी आणि काका, त्यांच्या ॲक्टिव्हावर. काका पंच्याहत्तरीचे, एसटीतून रिटायर, गाडी चालवताना बोलायचे आणि बोलताना मागं बघायचे, त्यामुळे आमच्या प्रार्थना खऱ्या अर्थानं रस्त्यावर व्हायच्या. पद्धत अशी ठरली, आत जायचं, जय ख्रिस्त, पाणी प्यायचं, एक लहान प्रार्थना, मग घरातल्या माणसांची नावं वयं ताडून घ्यायची, बाहेरगावी कोण, लग्न होऊन कोण गेलं, दुसऱ्या चर्चमधून कुणाचं ट्रान्सफर लेटर आलंय, आणि शेवटी थकबाकीचा आकडा सांगायचा. महिना 100 रुपये घराला. मोठी रक्कम नाही, पण लॉकडाऊनपासूनची साठलेली.

आकडा सांगितला की मग खरं सुरू व्हायचं. निवृत्त हेडमास्तरांनी सांगितलं, मी पैसे बुडवणारा माणूस नाही, मी निषेध म्हणून भरत नाही. कशाचा निषेध? नाताळच्या कार्यक्रमात त्यांचं कीर्तन ठेवलं होतं आणि ऐनवेळी ते दहा मिनिटांवर आणून तरुण संघाचा डान्स आधी घेतला. आता ख्रिस्ती कीर्तन हा नगरच्या मंडळीनं गेल्याच्या गेल्या शतकात उभा केलेला प्रकार आहे, चिपळ्या, अभंग, पूर्वरंग उत्तररंग सगळं, आणि ते करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर. माणूस महिनाभर घरात तालीम करून, फेटा बांधून तयार, आणि त्याला सांगायचं सर जरा आटपा. मला त्यांचं पटलं. पण ते तिथं थांबले नाहीत, मग घंटेचा दोर कुणी तोडला, पायपेटी दुरुस्तीला नेली ती परत का आली नाही, आधीच्या पाळकांच्या वेळचा पंख्यांचा हिशोब, असं करत करत 1986 सालापर्यंत गेले. काका भिंतीला टेकून मस्त झोपले होते. शेवटी सर उठले, आत गेले, आणि पाकिटात घालून आधीच तयार ठेवलेले पैसे आणून दिले. पावती मात्र नीट बघून घेतली.

असं बऱ्याच घरांत झालं. जे कडाकडा भांडले त्यांच्याकडून पैसे निघाले, त्याच दिवशी नाही तर रविवारी. महिला मंडळाच्या दोन बायका तर एकमेकींशी बोलत नाहीत, कॉयरमध्ये सोलो कुणाचा यावरून, पण दोघींनी स्वतंत्रपणे मला सांगितलं की तिची वर्गणी आली का बघ, नसली तर मी भरते पण तिला सांगू नको. बायबलातल्या फिलिप्पैच्या पत्रात प्रेषित पौल दोन बायकांना नाव घेऊन विनवणी करतो की एकचित्त व्हा, युवदीया आणि सुंतुखे, भांडण कशावरून ते काही त्यानं लिहिलं नाही. माझी खात्री आहे कॉयरवरूनच असणार.

मला भीती वाटायला लागली ती दुसऱ्या प्रकारच्या घरांची. स्वच्छ हॉल, बिस्किटांची प्लेट, चहा, "छान चाललंय ना सगळं?" थकबाकीचा आकडा ऐकून लगेच जीपे. तक्रार? छे, काही नाही, सगळं छान आहे. येत का नाही तुम्ही? वेळच मिळत नाही हो. 2020 च्या मार्चमध्ये चर्च बंद झालं, नोव्हेंबरात पाडव्याला उघडलं, परत बंद, परत 2021 च्या ऑक्टोबरात उघडलं, या उघडझापीत जी घरं मोबाईलवर भक्ती ऐकायला लागली ती तिथंच राहिली. त्यातल्या एका घरात मी वहीवर टिक केली तेव्हा काका बाहेर येऊन म्हणाले, "हे गेले." मी म्हटलं काका पैसे तर भरले त्यांनी. "भरले म्हणूनच. सोसायटीचा मेन्टेनन्स भरतात ना, तसे भरले. जो शिव्या देतोय त्याचं नाव राहू दे, तो कुठं जात नाही." तिथून पुढं मी वहीत एक खूण करायला लागले, भांडलेल्या घरापुढे एक बारीकसा टिंब. यादी संपेपर्यंत वहीभर टिंबच टिंब झाले होते, आणि खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कुणी म्हणतं ना की चर्च म्हणजे माणसंच, थोडं इकडंतिकडं चालायचंच, ते वाक्य मला त्या महिन्यात नकोसं झालं.

एका काकूंच्या मुलीनं हिंदू मुलाशी लग्न ठरवलं. चर्चमध्ये लग्न लागणार नाही असं झालं, ठीक आहे, त्याचे नियम असतील, त्यांनी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली रजिस्टर केलं. पण लग्नाच्या जेवणाला मंडळीतलं कुणीच गेलं नाही. पाळकसाहेबांनी जाऊ नका म्हटलं नव्हतं, कमिटीनं ठराव केला नव्हता, नुसतं प्रत्येकानं दुसऱ्याकडे बघितलं. काकूंनी चारशे माणसांचा स्वयंपाक सांगितला होता. त्यांनी मला ते सगळं काही रागानं सांगितलं नाही, मटणाचे डबे भरून नंतर वस्तीत कसे वाटले, कुठल्या डब्याचं झाकण परत आलं नाही, असं सगळं बारीकसारीक सांगत बसल्या. थकबाकी भरणार नाही म्हणाल्या. मी वही मिटली. मी तरी काय बोलणार होते, आणि काका, जे सगळीकडे काहीतरी बोलायचे, ते पण बोलले नाहीत, कारण ते पण त्या जेवणाला गेले नव्हते.

आणि गावाच्या त्या टोकाची वस्ती. आमच्या मंडळीत जात नाही असं आम्ही बाहेरच्यांना सांगतो. प्रभुभोजन एका भाकरीतून एका प्याल्यातून घेतो हे खरं आहे. पण लग्न जमवताना मूळचे कोण हा प्रश्न चहाच्या आधी येतो, आणि मिशनकडे आधी आलेली महार घरं आणि नंतर आलेली मांग घरं ही भिंत पत्र्याखाली अजून उभी आहे. त्या वस्तीतली घरं मंडळीच्या यादीच्या शेवटी असायची. अक्षराप्रमाणे नाही, काही नाही, फक्त शेवटी. मी विचारलं असं का, तर पहिल्यापासून तसंच आहे. तिथं एक ताई आहेत, सरकारी दवाखान्यात काम करतात, त्या म्हणाल्या, "नाताळच्या जेवणाला वाढायला आम्हाला बोलवतात, भांडी घासायला बोलवतात, पंच व्हायला कुणी बोलवलं नाही. आमच्यातला एक पंच दाखवा." मी कपाटातली मिनिटबुकं काढून शोधलं. एक होते, खूप जुने, एका टर्मपुरते. ताईंना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, ते माझे चुलत आजोबा, त्यांना पण नंतर काढलं. याला मी अपूर्णता वगैरे म्हणणार नाही, हे पाप आहे, त्याला दुसरं नाव नाही आणि ते आमचं आहे. मी नवीन यादी अक्षराप्रमाणे केली. एवढंच माझ्या हातात होतं. तेवढ्यावरून पण दोन फोन आले.

मग नियमातच न बसणारे. एक पोरगा दर रविवारी ढोलकी वाजवतो, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्याच्याशिवाय उभीच राहत नाहीत, पण बाप्तिस्मा झालेला नाही त्याचा. आईनंच थांबवलाय. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, मग 1956 ला शिखांना आणि 1990 ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालं की मात्र तो जातो, आपल्याकडे ओबीसीत धरतात. पोराचं ॲडमिशन, स्कॉलरशिप, पुढे नोकरी, सगळं एका सर्टिफिकेटवर. ती माऊली म्हणाली, "देवाला माहितीये तो कुणाचा आहे, तहसीलदाराला कशाला सांगू?" यावर उपदेश करणारे बरेच आहेत, त्यांच्या पोरांच्या फी भरून झाल्यात. मतदारयादीत त्याचं नाव येत नाही, येणारही नाही. म्हणून मी वहीच्या शेवटच्या पानावर माझ्यापुरती एक वेगळी यादी केली, जे येतात पण यादीत नाहीत. झाडलोट करणाऱ्या आजी, ज्यांचं ट्रान्सफर लेटर मराठवाड्यातल्या कुठल्या गावी पुरात गेलं ते गेलंच, हा ढोलकीवाला, एक रिक्षावाले भाऊ जे फक्त मागच्या बाकावर बसून रडून जातात, आणि अशी बरीच. ती यादी अर्थातच बोर्डावर लावली नाही. पण रविवारी सकाळी दार उघडणारे, सतरंज्या घालणारे लोक बघितले तर बहुतेक त्याच पानावरचे.

मधल्या काळात मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, परत पुण्याला जाऊ, नाहीतर इथं घरातच भक्ती करू. एकदा हे काकांना पण म्हटलं. त्यांनी गाडी रसवंतीवर थांबवली आणि म्हणाले, रेव्हरंड टिळक सुद्धा कंटाळले होते बरं का. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, इतकी वर्षं मिशनच्या मंडळीत काढली, आणि 1917 ला मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळ्यांना जागा. मी म्हटलं मग? म्हणाले मग काय, दोन वर्षांत वारले, आणि त्यांची गाणी कुठं राहिली तर आमच्याच उपासना संगीत या गाण्यांच्या पुस्तकात, जे भांडतात तेच गातात. तुला जायचं तर जा, यादी मात्र पुरी करून जा. रसाचे पैसे मीच दिले.

पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र मी त्या दिवसांत रात्री वाचत होते, प्रीतीचा तेरावा अध्याय सोडून बाकीचं, म्हणजे जे आपण लग्नात वाचत नाही ते. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, हे गट पहिल्याच अध्यायात. सहाव्यात भाऊ भावावर कोर्टात गेलाय. अकराव्यात प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी आधीच जेवून घेतो, कुणी उपाशी राहतो आणि कुणाला चढलेली असते. आणि या लोकांना तो पत्राच्या सुरुवातीला पवित्रजन म्हणून हाक मारतो. म्हणजे प्रीतीचा तो अध्याय त्यानं कुणा गोड जोडप्यासाठी लिहिलेला नाही, आमच्यासारख्या पार्किंगमध्ये कॉलर धरणाऱ्यांसाठी लिहिलाय, हे मला इतकी वर्षं संडेस्कूल करून कधी दिसलं नव्हतं.

यादी बोर्डावर लागली. हरकतींसाठी आठवडा ठेवला होता. एका गृहस्थांचा फोन आला, आवाज चढलेला, ज्यांनी आम्हाला फाटकातच सांगितलं होतं की माझा तुमच्या चर्चशी संबंध नाही. म्हणाले माझ्या नावात ऱ्हस्व दीर्घ चुकलंय, दुरुस्त करा. मी म्हटलं दादा तुम्ही बघितलं कधी? फोन ठेवला त्यांनी. वेलांटी मी त्याच दिवशी दुरुस्त केली.

इलेक्शन झालं. दवाखान्यातल्या ताई उभ्या राहिल्या आणि पडल्या, सात मतांनी. त्यांच्या वस्तीतल्या लोकांनी उमेदवारांच्या यादीचा फोटो मात्र काढून नेला, ताईंचं नाव छापलेलं. काकूंच्या घरून कुणी मत द्यायला आलं नाही. हरलेल्या गटानं ठरल्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांकडे नव्या कमिटीच्या चेंज रिपोर्टला (म्हणजे कमिटी बदलल्याच्या नोंदीला) हरकत घेतली, तारखा पडतायत, दोन्हीकडचे लोक एकाच ट्रॅक्सनं नगरला जातात कारण दुसरी गाडी परवडत नाही. पाळकसाहेबांची बदली येणार म्हणतात. सात मतं का कमी पडली याचा हिशोब मी करत बसले तर वहीतली टिंबाची बरीच घरं आली नव्हती, काही आली होती आणि त्यांनी काय केलं ते मला कळतं. ताईंना भेटले तर म्हणाल्या, पुढच्या वेळी वर्गणीच्या पावत्या आधीपासून भरून ठेवू, तुम्ही फक्त वही लपवू नका.

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं घरातलं काय काय आणून वेदीपुढे मांडतात, बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, कोणी केक करून आणतं, आणि भक्ती झाली की बाहेर चिंचेखाली लिलाव. पैसे चर्चच्या कामाला. यंदा पत्र्याचं काम निघालंय, वेदीच्या बरोबर वर गळतं, पावसाळ्यात पाळकसाहेब आशीर्वाद देताना एक पाऊल बाजूला होऊन देतात. लिलाव पुकारायला काका. लिंबं गेली, भोपळे गेले, काकूंनी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी (स्वतः नाही आल्या, बरणी पाठवली) दवाखान्यातल्या ताईंनी घेतली. शेवटी एक गावठी कोंबडा राहिला, तुरा असा लालभडक, पायाला सुतळी. काकांनी 200 वर सुरू केला. जिंकलेल्या गटाचे भाऊ म्हणाले तीनशे. हरलेल्या गटाचे भाऊ झाडाच्या पलीकडून म्हणाले पाचशे. मग ते सुरूच झालं. कोंबड्याची किंमत दोघांनाही माहीत होती, विषय कोंबड्याचा राहिलाच नव्हता, हजाराच्या वर गेल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, पोरं शिट्ट्या मारत होती, दोघांच्याही बायका आपापल्या नवऱ्याच्या बाहीला ओढतायत, आणि काका अजिबात हसत नव्हते, अगदी गंभीर चेहऱ्यानं एकदा इकडं एकदा तिकडं बघत पुकारत होते, "दोन हजार एक वार... भाऊ, देवाचं काम आहे... दोन हजार दोन वार..." 2,600 ला गेला. ज्यांनी घेतला त्यांच्या हातात आल्यावर तो कोंबडा फडफडून सुतळीसकट सुटला तो थेट पाळकांच्या बंगल्याच्या छपरावर, आणि त्याला उतरवायला दोन्ही गटांची पोरं शिडी घेऊन पळाली.

काकांनी पावतीबुकात आकडा लिहिला, खाली दोनदा रेघ मारली, आणि मला हळूच म्हणाले, "अजून एखादा आहे का बघ गं कुणाकडे."